नुसतं गवत

शाळेच्या वहीत बाईंनी लिहून पाठवलं होतं : ‘पहिलीची निसर्ग सहल, वेताळ टेकडी, शनिवार सकाळ. सोबत चार पालक हवेत.’ दसरा होऊन आठवडा झाला होता, दिवाळीच्या सुट्टीला अजून अवकाश होता. मी लगेच नाव दिलं, पण घरात बोलून गेले, “टेकडीवर काय बघणार मुलं? या दिवसांत नुसतं गवत असतं तिथे.”

कोथरूडला राहायला येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात वेताळ टेकडी किती वेळा चढले असेन याचा हिशेब नाही. पहाटे मैत्रिणींबरोबर निघायचं, देवळापर्यंत जायचं, पाया पडायचं आणि ऊन वर यायच्या आत खाली उतरायचं. वळणं, चढ, कुठे दगड निसटता आहे, कुठे चिखल होतो, सगळं पायांना माहीत झालेलं. टेकडी आपल्याला पाठ आहे अशीच माझी समजूत होती. त्या शनिवारी कळलं की पाठ होती ती फक्त वाट.

सकाळी सातला शाळेच्या फाटकाशी ३८ मुलं उभी होती. डोक्यावर टोप्या, गळ्यात पाण्याच्या बाटल्या, पाठीवर डब्याच्या पिशव्या. दोन बाई, शाळेतल्या मावशी आणि आम्ही चार पालक. बाईंनी मुलांचे गट पाडले. माझ्याकडे आठ मुलं दिली, त्यांत माझा लेक नव्हता. मी बाईंकडे पाहिलं, तर त्या हळूच म्हणाल्या, “आपलं मूल गटात असलं की डोळे तिथेच राहतात. म्हणून आम्ही असंच करतो.” मला ते पटलं. माझा मुलगा दुसऱ्या गटात, दुसऱ्या एका काकांचं बोट धरून उभा होता. त्याने एकदा माझ्याकडे बघून हात हलवला आणि मग सहल संपेपर्यंत तो त्याच्या वर्गाचा झाला.

बस एआरएआय या संस्थेच्या रस्त्याने वर चढली. मुलं खिडक्यांना चिकटली होती. खाली पौड रस्ता, इमारतींची दाटी, तिच्यावर सकाळचा धूर. वेताळ टेकडी ही पुणे शहरातली सगळ्यांत उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. शहर तिच्या चारही बाजूंनी वाढत गेलं आणि ती मधे राहिली. गाडीतून पंधरा मिनिटांत पोहोचता येतं आणि पोहोचल्यावर मोर ओरडताना ऐकू येतो, असं ठिकाण एवढ्या मोठ्या शहरात दुर्मीळच.

वर आमची वाट बघत एक ताई उभ्या होत्या. तिशीच्या आतल्या, उन्हाने रापलेल्या, पायांत साधे कापडी बूट. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या आणि गवतांचा अभ्यास करणाऱ्या. “गवतांचा?” माझ्या शेजारच्या पालकांनी विचारलं. ताई म्हणाल्या, “हो, गवतांचाच. चला, दाखवते.”

सुरुवातीलाच त्यांनी मुलांना झाडांच्या सावलीत उभं केलं. बारीक खोडांची, एकसारखी, दाट लावलेली झाडं. या झाडांखालून मी शेकडो वेळा गेलेली. ऊन चढल्यावर तिथे बरं वाटतं, एवढीच माझी त्यांच्याशी ओळख.

“खाली बघा,” ताई म्हणाल्या. “पायापाशी काय काय दिसतं ते सांगा.”

मुलांनी माना खाली घातल्या. पानं. माती. दगड. एका मुलीला एक चॉकलेटचा कागद सापडला, तो मावशींनी पिशवीत टाकला. पुढे कुणाला काही सांगता येईना.

“आता माझ्या मागोमाग या. दहा पावलं.”

दहा पावलांवर सावली संपली आणि उघडा माळ सुरू झाला. पुन्हा तोच प्रश्न. या वेळी ३८ मुलं एकदम बोलायला लागली. गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांचा कुर्डू, पिवळी सोनकी, नखाएवढं निळं फूल, उडणारा टोळ, पाय लावताच वेटोळं करून बसणारा वाणी किडा, गोगलगायीचा रिकामा शंख, तीन रंगांचं गवत. बाई वहीत लिहीत होत्या, त्यांनी शेवटी हात टेकले.

ताईंनी सांगितलं की सावलीतली ती झाडं गिरिपुष्पाची. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. टेकड्या हिरव्या दिसाव्यात म्हणून काही दशकांपूर्वी ती इथे लावली गेली. झपाट्याने वाढतात, गुरं त्यांना सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे लावणाऱ्याला यश लवकर दिसतं. या झाडाला उंदीरमारी असंही म्हणतात. त्याच्या बिया आणि साल उंदरांना विष म्हणून वापरत. “झाड वाईट नाही,” ताई मुलांना म्हणाल्या, “पण हे घर त्याचं नव्हतं. ते आलं तेव्हा इथे आधीपासून राहणारे कितीतरी जण बाहेर गेले. ते कोण, ते तुम्ही आत्ताच मोजलं.”

मुलं वळून त्या सावलीकडे बघत होती. मीही.

माळावरून आम्ही एका रांगेत निघालो. ऑक्टोबरचं ऊन नऊ वाजताच टोचायला लागलं होतं. दोन दिवसांपूर्वी परतीचा पाऊस एक सर टाकून गेला होता, त्यामुळे मातीचा वास अजून होता. गवत पिकत चाललेलं, वर तांबूस-सोनेरी, बुडाशी हिरवं. वारा आला की सगळा उतार एका अंगावर कलायचा आणि परत उभा राहायचा. गवताच्या काड्यांवर चिमुकल्या मुनिया बसत होत्या. बसल्या की काडी वाकायची, मुनिया लोंबकळत लोंबकळतच बी खायची. माझ्या गटातल्या दोन वेण्यांच्या मुलीने विचारलं, “काकू, काडी मोडत कशी नाही?” मला उत्तर देता आलं नाही. ताईंनी एक काडी तिच्या हातात दिली आणि मोडायला सांगितली. काडी वाकली, दुमडली, तुटली नाही. “आत पोकळ आहे,” ताई म्हणाल्या, “आणि मधे मधे गाठी आहेत. बांबू बघितलाय ना? तोही गवतच.”

वाटेत तरवडाचं झुडूप लागलं, पिवळ्याधमक फुलांनी भरलेलं. नवरात्रात घटाच्या माळेत ही फुलं आमच्याकडेही असतात. ती विकत आणते मी, मंडईतून, वाट्यावर. झुडूप मात्र मी रोज ओलांडून जात होते.

त्या तरवडाशी ताईंनी मोठ्यांना एक गोष्ट सांगितली. पश्चिम महाराष्ट्रातले हे उघडे माळ म्हणजे तोडून संपवलेलं जंगल, असंच बहुतेकांना वाटतं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी वेगळ्या ठिकाणी पुरावा शोधला. त्यांनी जुनं मराठी साहित्य वाचलं. तेराव्या शतकापासूनच्या ओव्या, आख्यानं, देवस्थानांच्या कथा चाळून त्यांतल्या रानटी झाडाझुडपांची नावं वेगळी काढली. नीरेच्या खोऱ्यातल्या गवताचं आणि त्यासाठी आलेल्या गुराख्यांचं वर्णन त्यांना मिळालं, वीर गावच्या म्हसकोबाच्या कथेत तरवड मिळाला. जी नावं सापडली त्यांत बरीचशी दाट जंगलातली नव्हती, उघड्या, उन्हातल्या माळावरची होती. म्हणजे हे माळ निदान साडेसातशे वर्षं तरी असेच आहेत. इंग्रजांनी झाडं तोडली म्हणून ते झाले नाहीत. हा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला.

मी मराठीच्या जुन्या साहित्याची विद्यार्थिनी. एम.ए.ला ओव्या पाठ केल्या, त्यांतली भक्ती शोधली, भाषा शोधली, अलंकार शोधले. त्यांत एखादं झुडूप खरोखरचं झुडूप म्हणून उभं असेल आणि ते आपल्या घरामागच्या टेकडीबद्दल काही सांगत असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

खाणीपाशी आलो तेव्हा बाईंनी दोरी धरून मुलांना कडेपासून लांब बसवलं. जुनी दगडाची खाण, पावसाळ्यानंतर पाण्याने भरलेली. समोरची काळी भिंत उन्हात सरळ उभी. ताईंनी मुलांना त्या भिंतीच्या अगदी वरच्या टोकाकडे बघायला सांगितलं. “काळा दगड किती आहे? आणि त्याच्यावरची तपकिरी माती किती आहे?”

एक मुलगा दोन्ही हात फाकवून म्हणाला, “दगड एवढाऽऽ.” मग अंगठा आणि तर्जनी जवळ आणून म्हणाला, “माती एवढीच.”

आमच्या सगळ्या टेकडीचं उत्तर त्या चिमटीत होतं. हा दगड म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर ओतत गेलेल्या लाव्हाचा. त्याच्यावर कुठे वीतभर, कुठे चार बोटं माती. पुण्याचा पाऊस वर्षाला साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास आणि तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने ऊन आणि वारा. एवढ्या मातीत, एवढ्या पाण्यावर दाट रान कसं उभं राहणार? इथे सालई, मोई, गणेर यांसारखी थोडी झाडं दगडाच्या फटीत मूळ घालून, एकमेकांपासून अंतर राखून उभी राहतात. बाकी जागा गवताची. गवत पावसाळ्यात वाढतं, दसऱ्याला बी धरतं, उन्हाळ्यात वरून वाळून जातं आणि मुळाशी जिवंत राहतं. त्याच्या मुळांच्या जाळीने ती चार बोटं माती धरून ठेवलेली असते. जाळी गेली की माती पहिल्या मोठ्या पावसात पाषाण रस्त्यावर येते.

वेताळाच्या देवळापाशी मुलं जरा गप्प झाली. शेंदूर लावलेला वेताळ, भुतांचा राजा. “इथे भुतं आहेत?” माझ्या गटातल्या एकाने माझा हात धरून विचारलं. मी म्हटलं, “वेताळ त्यांचा राजा आहे ना, तो त्यांना शिस्तीत ठेवतो.” त्याचं समाधान झालं. देवळापुढे सावलीत बसून डबे खायचे ठरले. बसायच्या आधी मी माझ्या गटाची डोकी मोजली.

सात.

परत मोजली. सातच. हाताच्या बोटांत एकदम गारवा आला. खाण इथून लांब नव्हती. मी मोठ्याने नाव घेऊन हाक मारली, बाई उठल्या, मावशी खाणीच्या वाटेकडे धावल्या. उभ्याने जिकडे बघावं तिकडे गवत, आणि गवताच्या वर कुठेही निळी टोपी नाही. शेवटी ज्या वाटेने आलो त्या वाटेने मी परत पळत गेले. वीस-पंचवीस पावलांवर, वाटेला लागूनच, गवताच्या आत तो पालथा पडलेला दिसला. टोपी बाजूला, हनुवटी हातांवर. सहा वर्षांच्या मुलाला ते गवत पूर्ण झाकून टाकत होतं.

मी ओरडणारच होते. त्याने मान वळवली, ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “काकू, हळू. त्यांचं काम चाललंय.”

आधी मी मागे वळून बाईंना हात हलवला, सापडला म्हणून. मग का कोण जाणे, त्याला उठवायच्या ऐवजी त्याच्या शेजारी खाली बसले.

समोर मातीत एक फूल होतं. म्हणजे फुलासारखं काहीतरी. बारीक मातीच्या भिंती, एकीत एक वर्तुळं केलेल्या, पाकळ्यांसारख्या उभ्या, आणि मधोमध एक भोक. त्या भोकातून तांबड्या मुंग्या बाहेर येत होत्या. प्रत्येकीच्या तोंडात गवताचं एक बी. ते बी त्या भिंतीच्या बाहेर, उन्हात, मोकळ्या जागेवर आणून ठेवायच्या आणि परत आत जायच्या. तिथे बियांची चांगली पसरट रास झाली होती. दोन-तीन मुंग्या राशीतच फिरून बी इकडचं तिकडे करत होत्या. मी कितीतरी वेळ बघत राहिले तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे सगळं उलटं चाललंय. मुंग्या दाणे घरात नेतात हे आपण लहानपणापासून बघतो. या तर घरातून बाहेर आणत होत्या.

“वाळत घालतायत,” तो म्हणाला. “आमची आजी गच्चीवर गहू घालते ना, तसं.”

पहिलीतल्या मुलाने हे नुसतं बघून ओळखलं होतं. ताई आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं, अगदी बरोबर. दोन दिवसांपूर्वीच्या सरीने आतलं धान्य ओलं झालं. ओलं बी कोठारात ठेवलं तर त्याला मोड येतो किंवा बुरशी धरते. म्हणून ऊन पडलं की या मुंग्या वाळवण घालतात आणि संध्याकाळच्या आत गोळा करतात. भोकाभोवतीच्या भिंती वाहतं पाणी आत शिरू नये म्हणून. पुण्यातल्या मुंग्यांची ही रीत फार पूर्वीच नोंदलेली आहे. १८३० च्या आसपास कंपनी सरकारचे कर्नल साइक्स दख्खनची पाहणी करत होते. पुण्याच्या मोकळ्या जमिनीवर त्यांना गवताच्या बियांच्या अशाच लहान लहान राशी दिसल्या. १८३५ मध्ये त्यांनी त्या मुंगीचं वर्णन छापलं आणि तिला नाव दिलं प्रोव्हिडन्स, म्हणजे पुढची तरतूद करणारी.

मग बाईंनी सगळ्या वर्गाला चार-चारच्या तुकडीने तिथे आणलं. कुणी धक्का दिला नाही, कुणी काडी घातली नाही. ३८ मुलांनी एका मुंगीच्या अंगणाशी रांग लावली आणि कुजबुजत्या आवाजात आपली पाळी येईपर्यंत थांबली. त्या जागेपासून हातभर अंतरावरून मी अकरा वर्षं जात-येत होते. उभ्याने ते दिसत नाही. चालताना तर नाहीच. त्यासाठी मुलाएवढं व्हावं लागतं, आणि थांबावं लागतं.

डबे उघडले. ताई मधे उभ्या राहून म्हणाल्या, “आज डब्यात गवत कोणी आणलंय?” मुलं हसली. “मी सांगू? पोळी कुणाची आहे? गहू हे गवत. भाकरी? ज्वारी गवत, बाजरी गवत. पोहे आणलेत कुणी? तांदूळ गवत. शिऱ्यातली साखर उसाची, ऊसही गवत. आणि गणपतीला एकवीस काय वाहता?” “दूर्वाऽऽ!” एकदम गजर झाला. एक मुलगी आपल्या पोळीच्या लाडवाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, “मग आपण सगळे गवतच खातो.”

परतीच्या वाटेवर मी ताईंच्या बरोबरीने चालत होते. न राहवून मी त्यांना सांगितलं की दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आमच्या सोसायटीने बीजगोळ्यांची मोहीम काढली होती. रविवारभर आम्ही माती आणि शेणखत कालवलं, आत बिया भरल्या, मुलांच्या हातांनी गोळे वळवले आणि एका उघड्या टेकडीवर फेकून आलो. सगळ्यांना फार समाधान वाटलं होतं. टेकडी ओसाड होती, ती आम्ही हिरवी करणार होतो.

ताई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ओसाड म्हणजे तिथे गवत होतं?”

“हो.”

“मग ती ओसाड नव्हती.”

त्या रागावल्या नव्हत्या. झाडं लावू नका असंही त्या म्हणाल्या नाहीत. रस्त्याच्या कडेला लावा, शाळेत लावा, जिथे रान होतं आणि तोडलं तिथे जरूर लावा. फक्त लावण्याआधी एकदा खाली बसून बघा, तिथे कोण राहतं. चंडोल जमिनीवर, गवताच्या बुडाशी घरटं करतो. वटवट्या गवताच्या आधाराने घर विणतो. लावा पक्षी गवतातच दडतो. सरकारी नकाशांत अशा जागांची नोंद पुष्कळदा ‘पडीक जमीन’ अशी असते, आणि पडीक म्हटलं की कुणीही तिचं काहीही करायला मोकळं होतं.

मला आमचेच फलक आठवले. २०२३ च्या एप्रिलमध्ये, टेकडीवरून आणि टेकडीखालून रस्ते-बोगदे काढायच्या बेताविरुद्ध पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर आले होते. मुलाला कडेवर घेऊन मीही गेले होते. रात्री जागून मी फलक रंगवला होता. त्यावर एक मोठं हिरवं झाड काढलं होतं. माझ्या आसपासच्या बहुतेक सगळ्या फलकांवर झाडंच होती. टेकडीवर आमचं प्रेम खरं होतं आणि आजही आहे. पण गवताची एक काडीही आम्ही कुणी काढली नव्हती.

दुपारी घरी आलो. मुलाने दारातच बूट काढले आणि रडायला लागला. मोज्यांना तपकिरी, लांब शेपट्यांच्या सुया टोचल्या होत्या, काही आरपार जाऊन पायाला रुतत होत्या. सासूबाई पुढे आल्या, त्याला मांडीवर घेतलं, मोजा उलटा केला आणि एक एक सुई टोकाच्या बाजूने ओढून काढायला लागल्या. शेपटीकडून ओढलं तर निघत नाही, हे त्यांच्या बोटांना माहीत होतं.

“कुसळं ही,” त्या म्हणाल्या. “कुसळी गवताची. कुठं गेलावता रं?”

कुसळ! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, ही म्हण मी शाळेत शिकले, मुलांना शिकवली, वादात वापरली. कुसळ म्हणजे काहीतरी बारीक, एवढाच अर्थ मला पुरत होता. खरं कुसळ मी चाळिशीत, मुलाच्या मोज्यातून निघालेलं, सासूबाईंच्या तळहातावर पाहिलं.

सासूबाई माण तालुक्यातल्या. लहानपण मेंढरांमागे गेलेलं. त्यांनी सांगितलं, कुसळी कोवळी असताना चांगला चारा, जनावर आवडीने खातं. कुसळ धरलं की मग नको, मेंढराच्या तोंडाला लागतं, लोकरीत शिरतं, कातडीत घुसतं. म्हणून ते पिकायच्या आत कापून आणायचं. बोलता बोलता त्यांनी एक कुसळ बशीत ठेवलं, बोट पाण्यात बुडवलं आणि एक थेंब त्याच्यावर सोडला.

“आता बघ हं.”

कुसळाची शेपटी पीळ घातलेल्या सुतळीसारखी होती. थेंब पडला आणि क्षणभराने ती सुटायला लागली. आपली आपण, गोल गोल, घड्याळाच्या काट्यासारखी. मुलगा रडायचा थांबला. शेपटी बशीच्या काठाला टेकली आणि आता टोक फिरायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, “पाऊस पडला की असं फिरतंय नि मातीत शिरतंय. ऊन पडलं की परत पीळ घेतंय, परत फिरतंय. टोकाला उलटी लव हाय, माघारी येत न्हाई. आपलं आपण पेरून घेतंय ते. त्याला कुणी पेराय लागत न्हाई.”

आम्ही हाताने गोळे वळून, फेकून जे करायला गेलो होतो, ते इथे एक काडी पाण्याच्या थेंबावर करत होती.

मी त्यांना विचारलं, “आई, तुम्हाला आणखी कुठली गवतं माहीत आहेत?” त्या हसल्या. असा प्रश्न त्यांना आमच्या घरात कुणी कधी विचारला नव्हता. मग त्या बोलत गेल्या. पवना, मारवेल, हरळी, लव्हाळा. कोणतं दुभत्या जनावराला, कोणतं छप्पर शाकारायला, कोणत्याची पेंढी बांधायची, कोणत्याची गंजी टिकते. मुलाने बशीतली सगळी कुसळं मोजली. २७ निघाली. “ही टेकडीची आहेत,” तो म्हणाला, “परत द्यायला पाहिजेत.” आगपेटीच्या रिकाम्या डबीत ती भरून ठेवली.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं टेकडीवर गेलो. सासूबाई अकरा वर्षं पुण्यात आहेत, पण टेकडीवर कधी आल्या नव्हत्या. मी कधी चला म्हटलंही नव्हतं. टेकडी म्हणजे व्यायाम आणि त्यांचे गुडघे दुखतात, एवढाच विचार मी केला होता. रिक्षाने वरपर्यंत गेलो आणि पुढे अगदी सावकाश, दर वीस पावलांवर थांबत. गिरिपुष्पाची सावली संपून माळ सुरू झाला तशा त्या उभ्या राहिल्या. पदर कमरेला खोचला. मग गवतात शिरल्या आणि हात दोन्ही बाजूंना पसरून, तळव्यांखालून तुरे जाऊ देत चालायला लागल्या.

“ह्यो पवना. आन् ही बघ मारवेल,” त्या नातवाला सांगत होत्या. “आमच्या माळावर लई हुती.”

मुंग्यांचं घर त्याने बरोबर शोधून काढलं. रास आत गेली होती, भिंती तशाच होत्या. जरा बाजूला मोकळी माती बघून त्याने डबी उघडली आणि २७ कुसळं अंतरा-अंतराने मांडली. मग गळ्यातल्या बाटलीचं झाकण काढून, त्यात पाणी घेऊन, बोटाने एकेक थेंब सोडला.

सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून हळूच खाली बसल्या. मीही बसले. आमच्या डोक्यावरून तुरे हलत होते, त्यांच्यापलीकडे शहर दिसत नव्हतं. पहिलं कुसळ थरथरलं आणि फिरायला लागलं.